ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतले गिअर बदलून घ्यावेत, की अख्खा गिअरबॉक्सच बदलावा?

दाभोळखाडी

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्याकडे सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ओढ ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली डिझेल ऑटोमॅटिक गाडी आहे. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे आणि गाडीचा वापर मुख्यतः चिपळूण ते कराड असा आहे, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेलाच. गेल्या पावसाळ्यानंतर चढावर भार पडला की बोनेटखालून एक घुमणारा आवाज येऊ लागला आणि आता तो सपाटीवरही स्पष्ट ऐकू येतो. गिअर घसरत नाहीत, बदलताना धक्काही बसत नाही. ऑइल पॅन उतरवून पाहिले तेव्हा चुंबकावर करडा लेप होता, आणि त्या लेपात पोलादाचे काही बारीक लांबट तुकडेही सापडले.

अधिकृत केंद्राचे म्हणणे असे की आतले काही उघडले जात नाही, पूर्ण गिअरबॉक्सच बदलावा लागेल. तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या फार जवळ जातो. आमच्या गावातले मिस्त्री साधे गिअरबॉक्स उत्तम बांधतात, परंतु प्लॅनेटरी गिअरचा संच (मधला सन गिअर, त्याभोवती कॅरिअर नावाच्या सांगाड्यावर बसवलेले छोटे पिनियन आणि बाहेरचा रिंग गिअर) आपण कधी उघडलेला नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. माझा प्रश्न असा आहे की आतले फक्त खराब झालेले गिअर बदलून उरलेला गिअरबॉक्स तसाच ठेवता येतो का, आणि असे काम कोकणात राहून नीट करून घेता येते का? ज्यांनी करून घेतले आहे किंवा जे स्वतः करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हातखंबा तिठा

माझे स्वतःचे वर्कशॉप आहे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामे मी नियमितपणे करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी गाडी चालवून आवाज कोठून येतो हे पुष्कळ अंशी ठरवता येते. ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते आणि मग उघडल्यावर शोधाशोध सुरू होते.

गाडी उभी असताना, पार्किंग किंवा न्यूट्रलमध्येही आवाज येत असेल आणि इंजिनाचे आरपीएम वाढवले की तो चढत असेल, तर संशय प्रथम ऑइल पंपावर घ्यावा. आवाज केवळ गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल आणि कोणत्याही गिअरमध्ये सारखाच राहत असेल, तर फायनल ड्राइव्ह (चाकांकडे ओढ देणारी शेवटची गिअरजोडी) किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. आवाज काही गिअरमध्ये येतो आणि काही गिअरमध्ये येत नाही, असे असेल तर मात्र तो प्लॅनेटरी संचाचा आहे असे बहुतेक वेळा निघते.

पुढची चाके ओढणाऱ्या पुष्कळ सहा-स्पीड गिअरबॉक्समध्ये लेपेलेतिए नावाची रचना असते. पुढे एक साधा प्लॅनेटरी संच आणि त्याच्या मागे राविन्यो पद्धतीचा, दोन सन गिअर असलेला संयुक्त संच, अशी ती जोडणी आहे. पहिल्यापासून पाचव्या गिअरपर्यंत पुढच्या संचावर भार असतो. सहाव्यात तो भार उतरतो, कारण ओढ सरळ मागच्या संचाच्या कॅरिअरला मिळते. उलट तिसऱ्या गिअरमध्ये मागच्या संचाचे दोन्ही सन गिअर एकाच वेगाने फिरवले जातात, त्यामुळे तो संच एकसंध होऊन फिरतो आणि त्यातले दात एकमेकांवर फिरत नाहीत. म्हणून आवाज तिसऱ्यात थांबत असेल तर दोष मागच्या संचात, आणि सहाव्यात एकदम मंदावत असेल तर पुढच्या संचात, असे धरून चालता येते. सर्व सहा-स्पीड गिअरबॉक्स असे नसतात, काहींत तीन साधे संच असतात. तेव्हा आपल्या गिअरबॉक्सचा क्रमांक पाहून रचना आधी निश्चित करावी.

मॅन्युअल मोडमध्ये एकाच वेगावर पाचवा आणि सहावा, तसेच कमी वेगावर दुसरा आणि तिसरा लावून ऐकावे. घाटात हे जमणार नाही. महामार्गावर सावर्ड्याच्या पुढे सपाट पट्टा पाहून करावे.

रेवदंडा

माझ्या गाडीत एएमटी आहे. हे सर्व तिलाही लागू होते का?

हातखंबा तिठा

नाही. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधा हाताचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम अ‍ॅक्चुएटर करतात. त्यात प्लॅनेटरी संच नसतो. त्याचे आतले गिअर कोणताही चांगला मिस्त्री उघडू शकेल, मात्र त्यानंतर क्लचचे कॅलिब्रेशन स्कॅनरने करावे लागते. सीव्हीटी हे आणखी वेगळे यंत्र आहे. त्यात पोलादी पट्टा आणि मागेपुढे सरकणाऱ्या पुल्या असतात. या धाग्यात टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सविषयीच बोलू या, म्हणजे गोंधळ होणार नाही.

पावसफाटा

मी वेगळे मत मांडतो आणि ते विचारपूर्वक मांडतो. अख्खा गिअरबॉक्स बदलावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधल्यावर तो गाडीवर चढवेपर्यंत बरोबर झाला की नाही हे कळायला चाचणी-यंत्र लागते, आणि तसे यंत्र आपल्या जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे चढवा, चालवा, चुकले तर पुन्हा उतरवा. उतरवणे आणि चढवणे हेच मोठ्या मजुरीचे काम आहे. त्यात ऑइल दोनदा भरावे लागले, एखादे सील फाटले, तर जी बचत करायला निघालो ती तिथेच संपते. नवीन जोडणीला हमी असते. गावात बांधलेल्या गिअरबॉक्सला हमी कोण देणार, आणि मिस्त्रीने दिली तरी एवढ्या खर्चाचा भार त्या गरीब माणसावर टाकणे योग्य आहे का?

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स आणण्याचा सल्ला इथे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो: तो गिअरबॉक्स कोणत्या अवस्थेत होता हे सांगणारा त्या बाजारात कोणी नसतो.

निवृत्त फिटर

पावसफाटा यांनी मांडलेली काळजी खरी आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढले. आमच्याकडे गिअरबॉक्स हाताचे होते, ही गोष्ट मान्य. तरीही जोडणी बदलायची की बांधायची, हा निर्णय आम्ही भीतीवर सोडत नव्हतो, तो मोजमापावर ठरत असे. शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, डायल गेजने मोजायचा, दातांच्या पृष्ठभागावर खड्डे आहेत का ते भिंगाने पाहायचे, बुश किती झिजला ते मायक्रोमीटरने पाहायचे आणि जे मर्यादेत आहे ते परत बसवायचे. चाचणी-यंत्र नसेल तर प्रत्येक पायरीवर मोजत जाणे हाच पर्याय उरतो. जो मिस्त्री मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो, त्याच्याकडे काम द्यावे. अंदाजाने सर्क्लिप बसवणाऱ्याकडे, तो कितीही अनुभवी असला तरी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स देऊ नये.

मांडवी किनारा

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. फिटरकाका, एक शंका विचारतो. सन गिअर किंवा छोटा प्लॅनेट पिनियन खराब झाला असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर तो कोल्हापुरातल्या एखाद्या कारखान्यात नमुना देऊन बनवून घेता येणार नाही का? तिथे गिअर कापणारे कुशल लोक आहेत. आम्ही वर्गात दातांचे गणितही केले आहे: सन गिअरला ३० दात आणि रिंग गिअरला ७० दात असतील तर पिनियनला २० दात येतात, रिंग स्थिर ठेवून सनने फिरवले तर कॅरिअरवर ३.३३ पट घट मिळते, आणि सन स्थिर ठेवून रिंगने फिरवले तर १.४३ पट. गणित एवढे सरळ असताना भाग बनवणे अवघड का असावे?

तेरेखोल

मांडवी किनारा, आपले गणित बरोबर आहे. याच संचात चार पिनियन समान अंतरावर बसतात, कारण ३० अधिक ७० म्हणजे १००, आणि त्याला ४ ने पूर्ण भाग जातो. तीन पिनियन समान अंतरावर बसवायला गेलात तर दात जुळणार नाहीत. दातांची संख्या मात्र या कामातला सर्वांत सोपा भाग आहे.

मी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात उष्णता-प्रक्रियेच्या विभागात अनेक वर्षे काम केले. असे गिअर कमी कार्बनच्या मिश्र पोलादाचे, उदाहरणार्थ २०एमएनसीआर५ सारख्या पोलादाचे, असतात. कापून झाल्यावर त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवला जातो आणि मग ते तेलात विझवले जातात. त्यामुळे बाहेरचा थर रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६२ इतका कठीण होतो, तर आतला गाभा तुलनेने मऊ आणि चिवट राहतो. एवढ्या बारीक दातांवर हा कठीण थर मिलिमीटरभरही जाड नसतो. विझवताना गिअर किंचित वाकतो, म्हणून नंतर तो ग्राइंड किंवा होन करावा लागतो. दातांचा आकार मायक्रॉनच्या हिशेबात दुरुस्त होतो तो या टप्प्यावर. कोल्हापुरात गिअर कापणारे कुशल हात आहेत यात मला शंका नाही, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु एका गिअरसाठी कार्बनची खोली ठरवून, विझवून, पुन्हा मापावर आणणे हे किफायतीचे होत नाही, आणि त्यातली एक जरी पायरी गाळली तर गिअर थोड्याच दिवसांत आवाज करू लागतो आणि मग दात सोडतो.

ज्या दातावर खड्डे पडले आहेत तो वेल्डिंगने भरून घासण्याचा प्रकार मी पाहिला आहे. कृपया तसे कोणीही करू नये. खड्डा पडला याचा अर्थ कठीण थर तुटला, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा उरलेला थरही मऊ पडतो.

दुसरे असे की चारांपैकी एकच पिनियन नवीन टाकणेही बरोबर नाही. चारही पिनियन भार वाटून घेतात. एक नवीन आणि तीन झिजलेले असले तर वाटणी बिघडते. शिवाय पिनियनच्या पिना कॅरिअरमध्ये ठोकून पक्क्या केलेल्या असतात आणि त्या काढून परत तितक्याच घट्ट बसतील याची खात्री नसते. म्हणून कॅरिअर पिनियनसकट पूर्ण बदलावा, आणि त्याच्याबरोबर फिरलेल्या सन आणि रिंग गिअरच्या दातांवर खड्डे असतील तर तेही बदलावेत.

मांडवी किनारा

मनःपूर्वक आभार. पृष्ठभागाच्या कठीण थराचा हा मुद्दा आमच्या गणितात येतच नाही.

दाभोळखाडी

हातखंबा तिठा यांनी सांगितल्याप्रमाणे महामार्गावर ऐकून पाहिले. गिअरबॉक्सचा क्रमांकही तपासला; रचना लेपेलेतिएचीच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात आवाज सारखाच येतो. पाचव्यातून सहावा लावला की तो जवळजवळ ऐकू येईनासा होतो. गाडी उभी असताना काही नाही.

हातखंबा तिठा

मग पुढचा संच. आपल्याला सापडलेले लांबट तुकडे बहुधा पिनियनच्या आतल्या सुया असाव्यात, म्हणजे नीडल बेअरिंगचे रोलर. सुई तुटून बाहेर पडली असेल तर तिचे तुकडे ऑइलबरोबर इतरत्र गेलेले असणार, त्यामुळे गाडी आता चालवू नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेडवरच न्यावी. दोर बांधून ओढली तर पुढची चाके गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवतात, पण इंजिन बंद असल्यामुळे पंप फिरत नाही आणि त्या भागांना ऑइल मिळत नाही.

चुंबकावरच्या लेपाबद्दलही सांगतो, कारण पुष्कळांना तो पाहून विनाकारण धसका बसतो. बारीक करडा लेप ही नेहमीची झीज असते. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे केसिंग, पंप किंवा कन्व्हर्टरमधले. पिवळसर कण बुश किंवा थ्रस्ट वॉशरचे. काळे पापुद्रे क्लच प्लेटच्या लायनिंगचे. हात लावून ओळखता येतील असे पोलादी तुकडे मात्र कधीच नेहमीचे नसतात.

वाशिष्ठीकाठ

या विषयावर आमचा अनुभव लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण चिपळुणात अशा गाड्या पुष्कळ होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची ऑटोमॅटिक गाडी घराच्या अंगणातच पाण्याखाली गेली. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी वर एक छोटी व्हेंट असते, तिच्यातून पाणी आत शिरले. पाणी ओसरल्यावर ऑइल काढले तेव्हा लाल ऑइलचा रंग थेट सोलकढीसारखा झालेला होता. एका वर्कशॉपने ऑइल बदलून, पुन्हा बदलून, गाडी आमच्या हाती दिली आणि आता काही भीती नाही असे सांगितले. काही महिन्यांनी गाडी चढावर ओढेनाशी झाली. गिअरबॉक्स दुसरीकडे उघडला तेव्हा गिअर सर्व चांगले होते, पण क्लच प्लेटचे लायनिंग प्लेटवरून सुटून पापुद्र्यांनी वॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब क्लचकडे वळवणारा भाग) भरली होती.

त्या दुसऱ्या मिस्त्रींनी समजावून सांगितले की हे लायनिंग कागदी तंतूंचे असून रेझिनने चिकटवलेले असते, ते पाणी शोषते आणि मग पोलादी प्लेटवरची त्याची पकड जाते. ऑइल कितीही वेळा बदलले तरी शोषलेले पाणी निघत नाही. ज्यांची गाडी बुडाली असेल त्यांनी इंजिन सुरूच करू नये, कारण इंजिन फिरले की पंप ते पाणी सगळ्या क्लचपर्यंत पोहोचवतो.

तेरेखोल

रेडिएटरच्या आत ऑइल कूलर असणाऱ्या गाड्यांत कूलर फुटून कूलंट आत आले तरी हाच रंग येतो आणि लायनिंगची तीच गत होते. तेव्हा पुराचा प्रश्न नसतानाही ऑइलचा रंग दुधाळ दिसला तर थांबू नये.

कुडाळ पेठ

आमच्या पर्यटनाच्या गाड्या आहेत, त्यांत काही ऑटोमॅटिक. आंबोली आणि फोंडा घाट नेहमीचेच असल्यामुळे एकदा एका गाडीचा गिअरबॉक्स बांधून घ्यावा लागला. गिअरबॉक्स उतरवण्याचे आणि चढवण्याचे काम आमच्या कुडाळच्या मिस्त्रींनी केले, आतले काम पुण्यात झाले. हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पावसफाटा यांनी हमीविषयी लिहिले आहे. पुण्याच्या वर्कशॉपने आम्हाला लेखी हमी दिली होती आणि बदललेले सर्व जुने भाग गोणीत भरून परत केले होते. जुने भाग मागून घ्यावेतच.

पाठवताना घ्यायची काळजी: कन्व्हर्टर बाहेर घसरून पडणार नाही अशी पट्टी केसिंगला आडवी बांधावी. कूलरच्या पाइपांची आणि शाफ्टची तोंडे स्वच्छ प्लास्टिक टोप्यांनी बंद करावीत. चिंध्या कोंबू नयेत. कूलरही बरोबर पाठवावा.

पावसफाटा

कुडाळ पेठ यांचा मार्ग ऐकून माझे मत काही प्रमाणात बदलले आहे. लेखी हमी आणि जुने भाग परत, या दोन गोष्टी मिळत असतील तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही. आतले काम इथेच करण्याविषयी मात्र मी अजूनही साशंक आहे.

हातखंबा तिठा

इथे काम होते, मी करतो, पण काय केले म्हणजे होते ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे पहिला शत्रू ओलावा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगतची हवा उरलेल्या दिवसांतही खारी आणि दमट असते. गिअर आणि बेअरिंग रॉकेलने धुतले की त्यांच्यावरचा ऑइलचा थर निघून जातो. ते भाग तसेच टेबलावर रात्रभर राहिले तर सकाळी त्यांच्यावर गंजाचे ठिपके दिसतात. नीडल बेअरिंगच्या वाटेवर असा एक ठिपका पडला की पुढे तिथूनच पोलादाचे टवके उडू लागतात. म्हणून भाग धुऊन सुकला की त्याच मिनिटाला त्याला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, लावून झाकून ठेवायचे. एका वेळी एकच संच धुवायचा, सगळा गिअरबॉक्स एकदम धुऊन मांडून ठेवायचा नाही.

सुकवण्यासाठी जी हवा मारतो तिच्यातही पाणी असते. जून ते सप्टेंबर मी कॉम्प्रेसरच्या टाकीचे पाणी दिवसातून अनेकदा सोडतो, आणि हवेच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर असल्याशिवाय वॉल्व्ह बॉडीवर हवा मारत नाही. पुसण्यासाठी कॉटन वेस्ट वापरायचे नाही. त्याचा एक धागा सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या वॉल्व्हच्या) जाळीवर बसला तरी गिअर बदलायला उशीर होतो.

आता बांधणीविषयी. नव्या क्लच प्लेट बसवण्याआधी किमान अर्धा तास एटीएफमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात, नाहीतर पहिल्याच वेळी कोरड्या घासून त्या जळतात. पोलादी प्लेट काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहायचे. संच भरल्यावर फिलर गेजने मोकळी जागा मोजायची. ढोबळ मानाने प्रत्येक फ्रिक्शन प्लेटमागे पाव मिलिमीटर, पण अंतिम आकडा त्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा. जागा कमी-जास्त असेल तर वेगळ्या जाडीची सर्क्लिप घ्यायची. थ्रस्ट बेअरिंग जागेवर धरून ठेवायला साधे ग्रीस लावायचे नाही, ते ऑइलमध्ये नीट विरघळत नाही; पेट्रोलियम जेली लावायची. बेअरिंगची कोणती बाजू वर होती हे उघडताना फोटो काढून ठेवले नसेल तर बांधताना पुस्तकावरच अवलंबून राहावे लागते.

प्लॅनेटरी गिअरचे दात तिरपे असतात, त्यामुळे भार पडला की गिअर बाजूला ढकलला जातो आणि तो जोर थ्रस्ट बेअरिंग आणि वॉशर झेलतात. म्हणून पिनियनचा बाजूचा प्ले फिलर गेजने आणि पूर्ण शाफ्टचा प्ले डायल गेजने पाहणे हे दात पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. वॉशर निळसर पडला असेल तर तिथे ऑइल पोहोचत नव्हते असे समजावे.

पावसफाटा यांनी चाचणी-यंत्राचा मुद्दा काढला होता. त्याच्याइतकी नाही, पण एक तपासणी केसिंग बंद करण्याआधी करता येते. प्रत्येक क्लचच्या ऑइलच्या छिद्रात कमी दाबाची कोरडी हवा सोडायची. पिस्टन सरकल्याचा ठोका ऐकू आला आणि हवा धरून राहिली तर सील बरोबर बसले आहे. नुसतीच हवा फुसफुसत असेल तर तो क्लच तिथेच परत उघडायचा. हे न करता गिअरबॉक्स चढवू नये.

निवृत्त फिटर

अगदी योग्य लिहिले आहे. एक भर घालतो. कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत फिरवत आत ढकलावा आणि पंपाच्या खाचेत बसेपर्यंत थांबू नये. केसिंगच्या कडेपासून त्याची खोली पट्टी ठेवून मोजावी. तो अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला ओढून घेतला तर पंप फुटतो, आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

मांडवी किनारा

पिनियनला ऑइल का पोहोचत नसेल? पॅनमध्ये ऑइल पुरेसे असतानाही?

हातखंबा तिठा

चांगला प्रश्न आहे, आणि मूळ प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे उत्तर त्यातच आहे. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरमधून तापून निघालेले ऑइल कूलरमध्ये जाते आणि थंड होऊन परत येते ते प्लॅनेटरी संच आणि बुश यांच्या वंगणासाठी वापरले जाते. कूलर आतून चोंदला की क्लचना दाब मिळत राहतो, गिअर बिनतक्रार बदलतात, पण पिनियनच्या सुया उपाशी राहतात. दाभोळखाडी यांची लक्षणे तशीच आहेत: घसरणे नाही, धक्का नाही, फक्त आवाज. अशा वेळी नवीन कॅरिअर बसवून जुनाच कूलर जोडला तर तो कॅरिअरही जातो. अख्खा नवीन गिअरबॉक्स आणून जुन्या कूलरला जोडला, तरी काही वेगळे होणार नाही. भाग बदलण्याआधी तो का तुटला हे सापडलेच पाहिजे.

दाभोळखाडी

बराच काळ लिहू शकलो नाही, त्याबद्दल क्षमस्व. कुडाळ पेठ यांनी सुचवलेला मार्ग स्वीकारला. गिअरबॉक्स आमच्या मिस्त्रींनी उतरवला, पुण्याला पाठवला, आणि तो उघडताना मिस्त्री स्वतः तिथे हजर राहिले.

पुढच्या संचातल्या एका पिनियनच्या सुया तुटलेल्या होत्या, पिन खरवडलेली होती आणि तिच्याजवळचा वॉशर निळा पडलेला होता. त्याच संचाच्या सन गिअरच्या दातांवर बारीक खड्डे होते. मागच्या राविन्यो संचाची सर्व मापे मर्यादेत आली, दात स्वच्छ होते, म्हणून तो तसाच ठेवला. पुढचा कॅरिअर पिनियनसकट आणि सन गिअर नवीन घातले. क्लच प्लेटची जाडी ठीक होती, तरी एवढे उघडलेच आहे तर मास्टर किट (सील, गॅस्केट आणि क्लच प्लेटचा पूर्ण संच) टाकावे असे सर्वांनी सुचवले आणि ते मानले. कन्व्हर्टरमध्ये पोलादाचे कण सापडले, म्हणून तो लेथवर कापून, धुऊन, लॉकअप क्लचचे लायनिंग बदलून, परत वेल्ड करून बॅलन्स करून घेतला.

कूलरमधून ऑइल सोडून पाहिले तर प्रवाह निम्म्याहूनही कमी होता. तो धुऊन परत वापरण्याचा विचारच केला नाही, नवीन घेतला. मॅन्युअलमधली मापे आणि प्रत्यक्ष आलेली मापे असा एक लिखित कागद वर्कशॉपने दिला आहे. निवृत्त फिटर यांनी वहीत लिहिण्याविषयी सांगितले होते, म्हणून मी तो आवर्जून मागितला.

माझ्या मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर फक्त खराब झालेला संच बदलता येतो, मात्र बाकी सर्व उघडून मोजल्यावरच.

पावसफाटा

अभिनंदन. कन्व्हर्टर आणि कूलर धरूनही खर्च पूर्ण जोडणीपेक्षा कमी आला का, एवढे कृपया सांगावे.

दाभोळखाडी

हो, बराच कमी आला. वाहतूक धरूनही.

हातखंबा तिठा

उत्तम काम झाले आहे. आता काही गोष्टी सांभाळाव्यात. ट्रान्समिशनच्या कंट्रोल युनिटमध्ये जुन्या झिजलेल्या क्लचप्रमाणे शिकलेली मूल्ये साठलेली असतात. ती स्कॅनरने पुसून नव्याने शिकवण्याची फेरी मारली नसेल तर मारून घ्यावी, अन्यथा सुरुवातीला गिअर धक्क्याने बसतील. ऑइलची पातळी ऑइलचे तापमान स्कॅनरवर पाहून, इंजिन चालू ठेवून आणि गाडी समतल उभी करून तपासावी. आपल्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसणार, ओव्हरफ्लोचा प्लग असणार. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे वापरावे, केवळ लाल रंग जुळला म्हणून दुसरे चालत नाही. पहिल्या हजारएक किलोमीटरनंतर पॅन एकदा उतरवून पाहावा. कुंभार्ली उतरताना डी मध्ये ब्रेक दाबत येण्याऐवजी मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर लावावा.

कुडाळ पेठ

कूलर नवीन घेतलात तसे त्याचे लोखंडी पाइपही पाहून घ्यावेत. आमच्या मालवणच्या बाजूला खाऱ्या हवेने ते जोडाशी गंजतात आणि आतून पापुद्रे सुटतात.

दाभोळखाडी

पाइप बदलले नव्हते. उद्याच मिस्त्रींना सोडवून पाहायला सांगतो.